मामंजींनी घेतलेलं माप

आमचे मामंजी शिंपी आहेत, पण त्यांना कुणी "कपडे शिवता ना?" असं विचारलेलं आवडत नाही. "मी कापतो," ते सांगतात. "शिवते ती." ती म्हणजे माझ्या सासूबाई. दुकानात दोघांच्या मधे एक लांब टेबल. अलीकडे मामंजी उभे, हातात खडू आणि कातर. पलीकडे खिडकीखाली सासूबाई पायमशीनवर. मामंजींनी कापलेलं कापड टेबलावरून सरकवायचं आणि सासूबाईंनी मान वर न करता हात पुढे करून ते घ्यायचं, अशी त्यांची सगळी हयात गेली. बोलणं फारसं नाही. बोललेच तर भांडण.

"बाही पुन्हा तिरकी कापलीत."

"बाही सरळ आहे. गिऱ्हाइकाचा खांदा तिरका आहे."

"मग खांदा कापायचा होतात!"

लग्न होऊन आले तेव्हा मी या बोलण्याला घाबरायचे. पुढे कळलं की घाबरायचं ते दोघं गप्प असतील तेव्हा. सासूबाई रागावल्या की तोंडाने काही बोलत नसत, नुसतं मशीन पळवत. मामंजी तो आवाज ऐकूनच ओळखायचे आणि मला खुणेने जवळ बोलवायचे. "सूनबाई, आज चहा तूच दे तिला. माझ्या हातून दिला तर अंगावर येईल."

माणूस समोर आला की मामंजींना आधी त्याचं माप दिसतं, चेहरा नंतर. आमचं ठरत होतं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "डावा खांदा जरा उतरलाय." माझी आई परतीच्या वाटेवर रडली. लग्नाचे कपडे मात्र अंगावर असे बसले की आईने पुन्हा डोळे पुसले, ते वेगळ्या कारणाने. देवाने घडवताना ज्याच्या त्याच्यात जे थोडं कमीजास्त राहून गेलं, ते मामंजी बिनबोभाट कापडात सांभाळून घेत. गिऱ्हाइकाला कळतही नसे. सासूबाईंना कळायचं. "यांना माणसातलं व्यंग दिसतं," त्या म्हणायच्या, "आणि माझ्यातलं तर जरा जास्तच."

गेल्या थंडीत सासूबाईंना ताप आला. तापातच त्यांनी कुणाचा तरी कोट पुरा केला. मग धाप लागायला लागली, ओठ काळेनिळे पडले आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. दोन्ही फुफ्फुसांत जंतू पसरले होते. डॉक्टरांनी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, घशातून नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं आणि त्या नळीशी झगडू नयेत म्हणून औषधाने झोपवून ठेवलं.

आत फक्त दुपारी सोडायचे, तेही दोघांनाच. आमच्या ह्यांचं काम सुटायला संध्याकाळ व्हायची, म्हणून मामंजी आणि मी जायचो. दाराशी हात धुवायचे, तोंडाला पट्टी, अंगावर हिरवा झगा. पहिल्याच दिवशी झग्यात हात घालता घालता मामंजी थांबले. "हे कुणी शिवलंय? काखेत ओढतंय." मी म्हटलं, "मामंजी, चला." त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच बोलणं.

आत प्रत्येकाला काहीतरी काम होतं. नर्सबाई सलाईन बदलत, आकडे लिहीत. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून देवाचं नाव घेई. माझ्या हाताला दुसरं काय येतं? मामंजींना मात्र करण्यासारखं काहीच नव्हतं. ते सासूबाईंच्या उशाशी उभे राहत, चादरीची कड सारखी करत, सुरकुती काढत, पुन्हा सारखी करत. सासूबाईंना पाठ टेकून निजलेलं त्यांनी फारसं कधी पाहिलंच नव्हतं. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई ती. एकदा मला हळूच म्हणाले, "अशी लांबलचक पडलीय, सूनबाई, कोण आहे तेच कळत नाही."

तिसऱ्या की चौथ्या दुपारी फिजिओबाई आल्या. चाकांच्या गाडीवर एक छोटा पडदा, त्याला वायरने जोडलेला साबणाच्या वडीएवढा ठोकळा. सोनोग्राफीचं यंत्र. मी ते पोटावर फिरवतात तेवढंच बघितलं होतं. बाईंनी सासूबाईंची उजवी मांडी उघडी केली, पाय सरळ केला आणि खिशातून टेप काढली. तेव्हा मामंजी सावरून उभे राहिले. इतक्या दिवसांत त्या खोलीतली पहिली ओळखीची वस्तू!

बाईंनी कमरेच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप धरली, मधली जागा काढली आणि तिथे निळ्या पेनने ठिपका दिला. म्हणाल्या, "ही खूण पुसू नका. रोज नेमकं इथेच बघायचंय." मग भरपूर चिकट जेल घालून ठोकळा अगदी अलगद टेकवला, पडद्यावर काहीतरी करडं-पांढरं हललं, बाईंनी चित्र थांबवलं, काही टिपलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

"मापवाल्या बाई आहेत या," मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच जरा जीव वाटला. इकडेतिकडे बघून त्यांनी स्वतःची टेप काढली. ती त्यांच्या खिशात असतेच, देवाच्या दारातही असते. सासूबाईंच्या मांडीखालून ती सरकवली आणि बरोबर त्या निळ्या खुणेवरून गोल माप घेतलं. न आवळता, न ढिलं सोडता. आणि सासूबाईंच्या कानाशी वाकून आकडा सांगितला, दुकानात सांगत तसा.

त्या दिवसापासून मामंजींना काम मिळालं. ते रोज माप घेत आणि माप रोज थोडं थोडं वाढत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांची पावलं हलकी पडायला लागली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ते आपणहून सांगायला गेले. "अंग धरतेय. पाय भरलाय."

"नळीतून खायला काय देतात हो?"

"काय देतात देव जाणे. पण लागू पडतंय. टेप समोर आहे ना!"

मलाही ते खरं वाटलं. पाय भरल्यासारखा दिसतच होता, कातडी तुकतुकीत, घोट्याचं हाडसुद्धा दिसेनासं झालेलं. मी घरी येऊन देवापुढे हात जोडले आणि आभार मानले.

दुकान बंद नव्हतं. मामंजी सकाळी जात आणि कापत. कापलेल्या तुकड्यांची गाठोडी बांधून टेबलाच्या पलीकडे, सासूबाईंच्या बाजूला ठेवत. गाठोडी वाढत गेली. आमचे हे म्हणाले, "बाबा, चौकातल्या शिंप्याकडे शिवायला देऊ का? लोक खोळंबलेत."

"लोक थांबतील."

"किती दिवस थांबतील?"

"तिला लागतील तितके," मामंजी म्हणाले आणि खडूला टोक काढायला लागले.

मग एक दिवस फिजिओबाईंनी आमच्या ह्यांना फोन करून एक परवानगी मागितली आणि ह्यांनी ती मामंजींवर सोपवली. दुपारी बाई खाटेशी थांबल्याच होत्या. खाटेच्या पायथ्याला एक यंत्र लावतात, त्याला सायकलसारखी पायडलं असतात. झोपलेल्या माणसाची पावलं त्यावर बांधायची, यंत्र हळूहळू पाय फिरवतं. आमच्याकडे हे नवीन आहे, बाई म्हणाल्या, म्हणून घरच्यांची सही घेतो.

"सायकल?" मामंजी म्हणाले. "झोपलेल्या बाईला?"

"आजोबा, त्या नुसत्या पडून आहेत आणि आजारही मोठा आहे. त्यात मांडीचा स्नायू फार लवकर झिजतो. उद्या शुद्धीवर आल्या तरी उठून बसायला, उभं राहायला तोच लागणार. काही जण आजारातून वाचतात, पण पायावर परत येत नाहीत."

"उभा जन्म पायच मारले हो तिनं. जरा पडू दे तिला. आणि झिजतोय कुठे?" मामंजींनी टेप काढली आणि बाईंच्या डोळ्यांदेखत निळ्या खुणेवरून माप घेतलं. "हे बघा. कालच्यापेक्षा जास्त. माझा जन्म यात गेलाय, बाई. अंग वाढतंय तिचं, आणि तुम्ही हातपाय ओढायला निघालात."

बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या टेपकडे बघत राहिल्या. पलीकडच्या खाटेवरचं यंत्र ओरडायला लागलं तशी त्यांना धावावं लागलं. जाता जाता म्हणाल्या, "आज सही करू नका. उद्या मला थोडा वेळ द्या, एवढंच."

बसमध्ये मामंजी कुरकुरत होते. "मोठ्या यंत्राचा गर्व. साधं माप घ्यायला पडदा कशाला लागतो?" पण त्या रात्री जेवले नाहीत. बाईंचं ते 'पायावर परत येत नाहीत' त्यांच्या मनातून जाईना, हे मला दिसत होतं. मी देवाला म्हटलं, देवा, दोघांपैकी जो खरा असेल त्याचं म्हणणं लवकर कळू दे. मनातून मला मामंजीच खरे ठरायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी खुर्ची पुढे ओढली. "आजोबा, बसा. आधी तुमची मांडी बघू."

"माझी? मी काय आजारी आहे?"

"नाहीत, म्हणूनच."

मामंजी लाजले. मी तोंड फिरवलं. खाटेभोवतीच्या कापडी पडद्याआड त्यांनी पँटचा पाय वर सरकवला असावा, कारण आवाज आला, "माझ्या कटिंगची पँट आहे म्हणून वर येतेय. हल्लीच्या पोरांच्या पँटीत हे जमलं नसतं." जेल गार लागला तसे जरा ओरडलेही. मग बाईंनी मलाही बोलवलं.

यंत्राच्या पडद्यावर थर होते. बाई बोटाने दाखवत गेल्या. वर कातडी, खाली चरबीची पट्टी, त्याखाली रुंद काळसर भाग, त्यात बारीक रेघा. "हा तुमचा स्नायू." आणि सगळ्यात तळाशी पांढरी शुभ्र कमान. "ते हाड. वय झालं तरी छान आहे, आजोबा. दिवसभर उभे असता ना?"

"फार दाबत नाही तुम्ही," मामंजी म्हणाले.

"दाबलं की थर चेपतो, पातळ दिसतो."

"टेपचंही तेच. आवळलं की माप खोटं."

"बरोबर. आता इकडे बघा." बाईंनी ठोकळा पुसला, नवीन जेल घेतला आणि सासूबाईंच्या निळ्या खुणेवर टेकवला.

वरचा थर जाड होता, फुगलेला, आणि त्यात जागोजागी काळ्या भेगा. "हे पाणी आहे," बाई म्हणाल्या. "आजारात अंगावर चढतं." त्यांनी अंगठ्याने सासूबाईंची मांडी जरा वेळ दाबून धरली आणि सोडली. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग पडद्यावरचं बोट खाली आणलं. पाण्याच्या थराखाली एक अरुंद पट्टी होती, काळसर नाही, पांढुरकी, धुरकट. आणि लगेच खाली हाड.

"हा त्यांचा स्नायू. पहिल्या दिवशी हा एवढा होता." त्यांनी पहिल्या दिवशीचं चित्र शेजारी आणलं.

मामंजी पुढे वाकले. त्यांनी दोन्ही चित्रांकडे पाहिलं, मग त्या खळग्याकडे. खळगा हळूहळू भरत होता. कापड हातात घेतल्यावर करतात तशी त्यांची चिमूट हवेतच हलली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली.

"टेप चुकली नाही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाय खरंच जाड झालाय. फक्त कशाने, ते टेपला बाहेरून कळत नाही."

"आतलं संपत होतं," मामंजी म्हणाले, "आणि मी गावभर सांगत होतो." मग विचारलं, "सही कुठे करायची?"

सही करून झाल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "माझ्यामुळे उशीर झाला?"

"एका दिवसाचा. तसाही काल त्यांना ताप होता, मी लावली नसती," बाई म्हणाल्या. ते खरं होतं की मामंजींसाठी होतं, मला सांगता येणार नाही. देव त्यांचं भलं करो.

सायकल लागली. आम्ही जायचो तेव्हा कधीकधी ती चालू असे. सासूबाई डोळे मिटून निजलेल्या, आणि चादरीखाली त्यांची पावलं पुढे, खाली, मागे, वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामंजी बाहेर निघून गेले. व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे होते. मी गेले तर म्हणाले, "मशीनसारखा आवाज नाही गं त्याला." एवढंच. मग पुन्हा आत आले आणि यंत्र थांबेपर्यंत उभे राहिले.

बाईंनी त्यांना घोटा फिरवायला शिकवलं, गुडघा वाकवून सरळ करायला शिकवलं, कुठली नळी सांभाळायची ते दाखवलं. मामंजींचे हात मुळात हलके. ते पाय उचलत तो रेशमी कापड उचलावं तसा. आणि काम करताना बोलत. उभ्या आयुष्यात जे बोलले नव्हते ते सगळं.

"इस्त्रीवाला विचारत होता तुला. त्या उंच मास्तरांची पँट कापून ठेवलीय. तुला हवी तशी, खाली दुमडायला माया जास्त ठेवून. अगं, कुणी भांडायला नाही दुकानात. बाही तिरकी कापली तरी कळत नाही मला."

मी तिकडे पाठ करून देवाचं नाम घेत राही. असलं बोलणं सुनेने ऐकू नये.

जंतू हटले, ताप उतरला, डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी करत आणलं. सासूबाई डोळे उघडत, पण नजर कुठेच थांबत नसे. अंगावरचं पाणी ओसरलं आणि मग ते आम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसलं. दोन काटक्या. गुडघा मांडीपेक्षा मोठा. मामंजी बघत राहिले. बाईंनी सांगितलेलं वेगळं आणि हे डोळ्यांपुढचं वेगळं.

एका दुपारी बाई गाडी घेऊन आल्या आणि सासूबाईंच्या तोंडाजवळ वाकून मोठ्याने म्हणाल्या, "आजी, गुडघा खाली दाबा. गादीवर दाबा."

काही हललं नाही.

"पुन्हा. दाबा."

पाय तसाच. मामंजींनी पायावरून नजर काढली. बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "पायाकडे नका बघू. इकडे बघा, पडद्यावर."

त्या धुरकट पट्टीत काहीतरी आखडलं आणि सैल पडलं. मग थांबून पुन्हा. बाहेरून कातडीसुद्धा हलत नव्हती. आत मात्र सासूबाई ऐकत होत्या.

"अगं," मामंजी म्हणाले. "अगं, दाब. दाब, दाब. मी बघतोय."

पुढच्या काही दिवसांत नळी निघाली. सासूबाईंचा घसा इतका बसला होता की बोलणं म्हणजे नुसती हवा. मी कान लावला. पहिलं वाक्य असं होतं, "गाठोडी किती झाली?" बहुतेक पायांशी चाललेल्या त्या सगळ्या गप्पा त्यांना कुठेतरी पोचल्या असाव्यात. आणि टेपची हकिगत मी सांगितली तेव्हा त्यांनी मामंजींकडे असं पाहिलं, की मामंजी झगा सारखा करायला लागले. "चारचौघांत," सासूबाई पुटपुटल्या, "माझी मांडी मोजली?"

"उपचार होता तो," मामंजी म्हणाले.

पण चमचा त्यांना धरता येत नव्हता. बसवलं की मान कलंडायची. त्यांना साध्या वॉर्डात हलवलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे नातेवाईक पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून "आता सुटलात" म्हणाले, आणि मामंजींनी मान हलवली, पण त्यांच्या तोंडावर सुटल्याचं काही दिसेना. ते दारातून आत आले की आधी तिच्या पायांकडे बघत. त्यांना ती घरात चालताना हवी होती. टेबलाच्या पलीकडे हवी होती. हे मागणं ते तोंडाने बोलत नसत. मी मात्र रोज त्यांच्या वतीने देवाजवळ बोलत असे, आणि फार मागतेय का, असंही वाटे. वाचवली आहेस, हे काय कमी आहे? तरी मागत असे.

उभं करायचं ठरलं त्या दिवशी बाईंनी सासूबाईंच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला वॉर्डातल्या आयाबाई, पुढ्यात लोखंडी वॉकर. "आजोबा, तुम्ही समोर उभे राहा. म्हणजे त्या खाली बघणार नाहीत."

मामंजी समोर जाऊन उभे राहिले. आधी शर्टाची कॉलर सारखी केली, मग केसांवरून हात फिरवला.

"आजी, पुढे झुका. नाक पायाच्या बोटांपुढे न्या. आणि आता वर."

सासूबाईंचं ढुंगण गादीवरून सुटलं आणि परत टेकलं. "नाही होत," त्या म्हणाल्या.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्या वर आल्या. गुडघे थडथड उडत होते, वॉकर खडखडत होता, आयाबाईंनी दात आवळले होते. पण वर आल्या. पूर्ण वर. त्यांनी मान उचलली आणि समोर मामंजी होते. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"बस झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच, बाईंनी पट्ट्याने झेललं.

मामंजी तिथेच उभे. जिथे सासूबाईंचं डोकं होतं, त्या मोकळ्या जागेकडे बघत. "माझ्या खांद्याला लागते ती," ते मला म्हणाले. जगाची मापं तोंडपाठ असलेला माणूस. "सूनबाई, मी विसरलोच होतो."

"पुन्हा कधी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आज पुरे. उद्या."

"उद्या जास्त वेळ राहील?"

"बघू या. कदाचित आजच्याइतकंच. कदाचित नाहीच जमणार. पुष्कळ दिवस लागतील, आजोबा. आणि सगळं परत येईलच, असं मी आज सांगू शकत नाही."

"मी कुठे सगळं म्हटलं?" मामंजी म्हणाले.

परतताना बस रिकामी होती. मी खिडकीशी बसले आणि त्यांच्यासाठी शेजारची जागा झटकली. मामंजी दांडा धरून उभेच राहिले. वळणावर झोक गेला, कंडक्टरसुद्धा म्हणाला, "बसा की आजोबा, जागा आहे."

"राहू दे," मामंजी म्हणाले. "तिला उद्या उभं राहायचंय."

आमचा थांबा येईपर्यंत ते काही बसले नाहीत.